व्याध किती लांब आहे? तीन आकडे, एकच तारा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमाराला आमच्या वर्तकनगरच्या गच्चीवरून व्याध बरोबर दक्षिणेला येतो. ठाण्याचं आकाश आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. येऊरच्या डोंगराची बाजू सोडली तर चहूकडे पिवळट उजेड पसरलेला असतो आणि अंधुक तारे त्यात बुडून जातात. व्याध मात्र बुडत नाही. रात्रीच्या आकाशातला तो सगळ्यांत तेजस्वी तारा, पाण्याच्या टाकीच्या वर लखलखत असतो.

अशाच एका रात्री शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन वर आली. "काकू, व्याधाचं अंतर नक्की किती? अ‍ॅपमध्ये २.६४ लिहिलंय, पुस्तकात ८.६ आहे आणि मी किलोमीटर काढले तर ८ लाख १४ हजार कोटी आले. मैत्रिणीचं उत्तर तर आणखी वेगळं आहे."

वही टॉर्चखाली धरून पाहिली. २.६४ बरोबर होतं, ८.६ही बरोबर होतं. एक पार्सेकमध्ये, दुसरं प्रकाशवर्षांत. चूक किलोमीटरच्या ओळीत होती. तिथं एक शून्य गळलं होतं आणि त्यामुळे व्याध दहापट जवळ आला होता. त्या रात्री आम्ही ते शून्य शोधत बसलो. अंतराच्या एककांची अदलाबदल पाठ करून येत नाही, प्रत्येक एकक कशातून जन्माला आलं ते कळलं की येते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जे तिला सांगितलं ते जरा सविस्तर इथं मांडते.

आधी शून्याचं. तिनं एका व्हिडिओतून उतरवून घेतलं होतं की एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ ट्रिलियन किलोमीटर. ट्रिलियन म्हणजे दहा हजार कोटी असं धरून तिनं गणित केलं. खरं म्हणजे मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. मराठीत शिकणाऱ्या मुलांची निम्मी चूक इथंच होते, खगोलशास्त्रात होत नाही. पुस्तकं, व्हिडिओ, अ‍ॅप सगळी मिलियन-बिलियनमध्ये बोलतात आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. खर्व-निखर्व आता कुणी वापरत नाही, पण "लाख कोटी" हा शब्द अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे घराघरांत पोचलेला आहे. तो इथं फार कामाचा आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, एवढंच लक्षात ठेवायचं. ट्रिलियनच्या वाटेला जायचंच नाही.

आणि हेही पाठ करायची गरज नाही, कारण हा आकडा कुणालाही वहीच्या अर्ध्या पानात काढता येतो. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो ते. प्रकाश एका सेकंदात जवळपास ३ लाख किलोमीटर जातो. ६० ने गुणलं की मिनिटाला १ कोटी ८० लाख. पुन्हा ६० ने गुणलं की तासाला १०८ कोटी. २४ ने गुणलं की दिवसाला २,५९२ कोटी. वर्षाचे दिवस ३६५.२५ धरले की ९ लाख ४६ हजार ७२८ कोटी. प्रकाशाचा वेग नेमका ३ लाख नसून सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे, म्हणून खरं उत्तर किंचित कमी, ९ लाख ४६ हजार ७३ कोटी. फरक हजारात एकाहूनही कमी. शून्य किती हवीत हे आता कुणाला विचारायला नको.

प्रकाशवर्ष ऐकताना "वर्ष" या शब्दानं घोळ होतो. "लाखो प्रकाशवर्षांपूर्वी" असं बातम्यांत आणि मालिकांत सर्रास येतं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. ठाणेकरांना हे समजावावं लागू नये. घर स्टेशनपासून किती लांब विचारलं तर आपल्याकडे कुणी किलोमीटर सांगत नाही. "चालत बारा मिनिटं", "रिक्षानं सात मिनिटं", "घोडबंदरला राहतो, सकाळी पाऊण तास". यात मिनिटं ही अंतराचीच भाषा आहे. अडचण एवढीच की सकाळच्या रिक्षाचा वेग आणि दुपारच्या रिक्षाचा वेग वेगळा, त्यामुळे आपली मिनिटं ताणतात नि आटतात. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग मात्र कधीच बदलत नाही. त्यामुळे "प्रकाशाला इतका वेळ लागतो" हे अंतर सांगण्याचं पक्कं माप ठरतं. मग त्यातून प्रकाशसेकंद, प्रकाशमिनिट, प्रकाशदिवस अशी सगळी भावंडं मिळतात.

यांतलं प्रकाशमिनिट मला सगळ्यांत आवडतं, कारण आपल्या सूर्यमालेतलं गणित त्याच्यानं तोंडी होतं. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती. मिनिटाला १.८ कोटी, म्हणजे साडेबारा गुणिले १.८, साडेबावीस कोटी किलोमीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे १.२८ प्रकाशसेकंद. चांद्रयानाशी बोलताना सव्वा सेकंदाची दिरंगाई आणि मंगळयानाशी बोलताना साडेबारा मिनिटांची, हे एकदा कळलं की ही यानं आपापले निर्णय आपणच का घेतात तेही कळतं.

सूर्य ८ मिनिटं १९ सेकंदांवर आहे. आणि हेच अंतर दुसऱ्या एककाचं मूळ आहे.

सूर्य ते पृथ्वी या सरासरी अंतराला खगोलीय एकक म्हणतात. ढोबळ मानानं १४.९६ कोटी किलोमीटर. मुलीनं विचारलं, "एवढं वेगळं एकक कशाला? सरळ कोटीत सांगायचं." प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे. केप्लरनं १६१९ मध्ये ग्रहांचा तिसरा नियम मांडला. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला किती वर्षं लागतात त्या आकड्याचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाइतका असतो, मात्र ते अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत मोजलेलं हवं. गुरूला ११.८६ वर्षं लागतात. ११.८६ चा वर्ग १४०.७. कोणत्या संख्येचा घन १४०.७ च्या जवळ येतो? ५.२ चा. म्हणजे गुरू पृथ्वीच्या ५.२ पट लांब. हे करायला दुर्बीण लागत नाही, फक्त धीर धरून गुरू आकाशात कधी कुठं होता त्याची नोंद ठेवावी लागते.

म्हणजे सतराव्या शतकात सूर्यमालेचा नकाशा तयार होता, अगदी अचूक होता, पण त्याच्या कोपऱ्यात प्रमाणपट्टी नव्हती. गुरू ५.२, शनी साधारण साडेनऊ, शुक्र ०.७२, पण कशाचे साडेनऊ? त्या एकाचे किलोमीटर किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नकाशातलं एक अंतर जरी कुणी प्रत्यक्ष मोजलं असतं तर बाकी सगळी आपोआप कळली असती. १६७२ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञानं पॅरिसहून आणि त्याचा सहकारी रिशे यानं दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून एकाच वेळी मंगळ पाहिला, दोन ठिकाणांहून तो ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकलेला दिसतो ते मोजलं आणि सूर्याचं अंतर चौदा कोटी किलोमीटरच्या आसपास काढलं. त्या काळाच्या मानानं हे थक्क करणारं आहे.

पुढं अठराव्या शतकात शुक्राच्या अधिक्रमणावरून, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसतो त्यावरून, हे माप सुधारायचे प्रयत्न झाले. त्यातली ल जांतीय या फ्रेंच माणसाची गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगते. १७६१ चं अधिक्रमण पाहायला तो पाँडिचेरीकडे निघाला, पण वाटेत कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलं. अधिक्रमणाच्या दिवशी तो समुद्रात होता आणि हलत्या जहाजावरून मोजमाप शक्य नव्हतं. पुढचं आठ वर्षांनी होणार होतं म्हणून तो परत गेलाच नाही. १७६९ मध्ये पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. त्या एका आकड्यासाठी माणसांनी काय काय सोसलंय, हे १४.९६ असं लिहिताना मला आठवल्याशिवाय राहत नाही.

आज हे माप रडार आणि यानांमुळे इतकं नेमकं झालंय की २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं ते मोजायचंच थांबवून टाकलं. बीजिंगच्या अधिवेशनात ठराव झाला की खगोलीय एकक म्हणजे १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, कमी नाही नि जास्त नाही. मीटर ठरलेला, मग एककही ठरलेलं. हे महत्त्वाचं का, ते योजन या आपल्या जुन्या मापावरून कळतं. आर्यभटानं पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं दिलाय. पण योजन म्हणजे किती किलोमीटर, हे ग्रंथागणिक बदलतं. मग कुणी अचूकतेचं कौतुक करतं, कुणी चूक काढतं, दोघंही आपापलं योजन धरून. ज्या एककाची व्याख्या पक्की नाही त्याचं रूपांतर करता येत नाही, वाद तेवढा घालता येतो.

खगोलीय एकक हाताशी असलं की बातम्या वेगळ्या दिसतात. आदित्य एल-१ निघालं तेव्हा आमच्या सोसायटीत सगळे म्हणत होते, आपलं यान सूर्यावर चाललंय. ते १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबलं. १५ लाखाला १४.९६ कोटीनं भागा, ०.०१ येतं. सूर्यापर्यंतच्या वाटेचा शंभरावा भाग. यामुळे त्याचं मोल कमी होत नाही, उलट ते तिथं का थांबलं हा खरा प्रश्न पुढं येतो. तिथं सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ अशी जुळते की यान पृथ्वीच्या बरोबरीनं सूर्याभोवती फिरत राहतं आणि मध्ये ग्रहण न येता सूर्याकडे सतत पाहू शकतं.

आता प्रकाशवर्षाचं खगोलीय एकक करायचं. इथं लाख-कोटीची आपली पद्धत फार गोड चालते. प्रकाशवर्ष ९.४६०७ लाख कोटी किलोमीटर, खगोलीय एकक १४.९६ कोटी किलोमीटर. भागाकारात कोटीला कोटी उडाले. उरलं ९,४६,०७३ भागिले १४.९६. उत्तर ६३,२४० च्या आसपास, नेमकं ६३,२४१. एका प्रकाशवर्षात त्रेसष्ट हजारांवर सूर्य-पृथ्वी अंतरं मावतात. हा आकडा मुलीनं स्वतः काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

राहिला पार्सेक, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ त्याचाच. प्रकाशवर्ष असताना हे आणखी एक कशाला? मुलांना वाटतं शास्त्रज्ञ मुद्दाम अवघड करतात. पण उलट आहे. आकाशात खरं जे मोजलं जातं त्यातून पार्सेक थेट निघतो. प्रकाशवर्ष हे आपल्यासाठी नंतर केलेलं भाषांतर आहे.

हे समजावायला मी तिला दुसऱ्या दिवशी तलावपाळीवर नेलं. मासुंदा तलावाच्या मधोमध बेटावर शंकराचं छोटं देऊळ आहे. काठावर एका जागी उभं राहून पाहिलं तर त्याच्या मागं पलीकडच्या काठावरची एक इमारत दिसते. काठाकाठानं पंधरावीस पावलं चाललं की देऊळ त्या इमारतीसमोरून सरकून दुसऱ्या इमारतीसमोर येतं. देऊळ जागचं हललेलं नाही, आपण हललो. या सरकण्याला मराठीत पराशय म्हणतात, शाळेत बहुधा पॅरॅलॅक्स म्हणून येतं. आपण किती चाललो आणि देऊळ किती अंशांनी सरकलं, एवढ्या दोन गोष्टींवरून तलावात न उतरता देवळाचं अंतर कळतं.

अंश मोजायला हात पुरतो. हात ताठ समोर धरला तर करंगळीची जाडी सुमारे एक अंश, मधली तीन बोटं मिळून पाच अंश, मूठ दहा अंश. समजा आपण दहा मीटर चाललो आणि देऊळ पाच अंश सरकलं. एक अंशाचा कोन असेल तर अंतर हे चाललेल्या अंतराच्या ५७.३ पट असतं. ही ५७.३ कुठून आली? पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश भागिले २π (दोन गुणिले पाय). मग पाच अंशांना ५७.३ च्या पाचवा भाग, म्हणजे साडेअकरा पट. दहा मीटरच्या साडेअकरा पट, ११५ मीटर. कोन जितका लहान तितकी वस्तू लांब.

मोजून झाल्यावर तिनं एक फार चांगला प्रश्न विचारला. "पण मागच्या इमारतीही थोड्या सरकल्याच ना?" अगदी बरोबर. त्या काही अनंत अंतरावर नाहीत, त्यामुळे देवळाचं सरकणं खऱ्यापेक्षा कमी दिसतं आणि अंतर जास्त येतं. ताऱ्यांच्या बाबतीतही हीच अडचण असते. मागचे अंधुक तारे स्थिर धरून जवळचा तारा मोजायचा, तर मागचेही तिळाएवढे सरकत असतात आणि त्याची दुरुस्ती करावी लागते. आठवीतल्या मुलीला हे तलावपाळीच्या कठड्याशी उभं राहून सुचलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता तलावाचा काठ मोठा करू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे जानेवारीत आपण कक्षेच्या एका टोकाला असतो आणि जुलैत दुसऱ्या. दोन्ही वेळी तारा पाहिला की तो मागच्या ताऱ्यांपुढं किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्मा कोन घेतात, म्हणजे चाललेलं अंतर बरोबर एक खगोलीय एकक धरल्यासारखं होतं. हा कोन भयंकर लहान असतो. अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला. दहा रुपयांचं २७ मिलिमीटरचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून पाहिलं तर ते एक विकला रुंद दिसेल. आणि सूर्य सोडून एकाही ताऱ्याचा पराशय पूर्ण एक विकला भरत नाही. सगळ्यांत जवळच्या प्रॉक्झिमाचा ०.७७ विकला आहे. पृथ्वी फिरत असेल तर तारे सरकताना दिसायला हवेत, असा आक्षेप शतकानुशतकं घेतला जात होता, तो याचमुळे. तारे सरकत होते, डोळ्यांना दिसत नव्हते. १८३८ मध्ये बेसेल या खगोलशास्त्रज्ञानं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१४ विकला मोजला. आजचं माप ०.२८६ आहे.

ज्या अंतरावरच्या ताऱ्याचा पराशय बरोबर एक विकला असेल ते अंतर म्हणजे एक पार्सेक. पॅरॅलॅक्समधला "पार" आणि सेकंद म्हणजे विकलेतला "सेक". १९१३ मध्ये हा शब्द पुढं आला आणि टिकला. त्याची सोय अशी की भागाकार एका पायरीत संपतो. एक भागिले विकला, उत्तर पार्सेकमध्ये. व्याधाचा पराशय ०.३७९ विकला. १ भागिले ०.३७९, २.६४. अ‍ॅपमधला आकडा हा. खगोलशास्त्रज्ञाच्या हातात मुळात कोन येतो, म्हणून तो पार्सेकमध्ये बोलतो.

पार्सेकमध्ये किती खगोलीय एककं? एक अंशाला ५७.३ पट, हे तलावपाळीवर पाहिलंच. एक विकला ही अंशाचा ३,६०० वा भाग. म्हणून ५७.२९६ गुणिले ३,६००, म्हणजे २,०६,२६५. पुस्तकात हा आकडा कुठूनतरी आकाशातून पडल्यासारखा दिलेला असतो, पण तो देवळाचाच आकडा आहे. त्याला प्रकाशवर्षातल्या ६३,२४१ नं भागलं की ३.२६. म्हणजे एक पार्सेक जवळपास ३.२६ प्रकाशवर्षं. किलोमीटर हवेत तर ३०.८६ लाख कोटी.

झालं. व्याधाचे २.६४ पार्सेक गुणिले ३.२६, ८.६ प्रकाशवर्षं. हा पुस्तकातला आकडा. ८.६ गुणिले ९.४६ लाख कोटी, ८१.४ लाख कोटी किलोमीटर. वहीत ८ लाख १४ हजार कोटी होतं, ते तिनं खोडून ८१ लाख ४० हजार कोटी केलं. शून्य सापडलं.

उलटं जाताना, म्हणजे प्रकाशवर्षाचे पार्सेक करताना, मुलं हमखास गुणतात. स्वतःला एकच विचारायचं, मोठं एकक कोणतं? पार्सेक मोठा, म्हणून पार्सेकचा आकडा लहान यायला हवा. रुपयांचे पैसे केले की आकडा फुगतो, पैशांचे रुपये केले की आटतो, तसंच. अभिजित तारा २५ प्रकाशवर्षांवर आहे आणि तुमच्या उत्तरात ८१ पार्सेक आलं, तर गुणाकार झालाय. भागलं की ७.७ येतं. घनाच्या वेळी मात्र सावध राहावं लागतं. एका घन पार्सेकमध्ये ३.२६ नव्हे, ३.२६ चा घन, म्हणजे जवळपास ३५ घन प्रकाशवर्षं असतात. आपल्या परिसरात तारे किती दाटीनं आहेत हे वाचताना ही चूक चांगल्या चांगल्या लेखांत सापडते.

आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे खोटी अचूकता. मूळ आकडा "सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं" असा असतो आणि कुणीतरी कॅल्क्युलेटरवर त्याचे किलोमीटर काढून शेवटच्या अंकापर्यंत छापतं. मोजमाप जेवढं पक्कं, रूपांतरही तेवढंच पक्कं. लांबच्या ताऱ्यांत हे फार जाणवतं, कारण भागाकारात खाली कोन असतो आणि तो इवलासा असला की त्यातली किंचित चूक फुगून वर येते. कृत्तिकांचंच पाहा. हिप्पार्कोस या उपग्रहाच्या मापांवरून त्यांचा पराशय सुमारे ०.००८३ विकला आला, म्हणजे १२० पार्सेक. इतर पद्धती १३३ ते १३६ सांगत होत्या. वर्षानुवर्षं वाद चालला, कारण तरुण ताऱ्यांबद्दलचं आपलं ज्ञान कृत्तिकांवर बरंच उभं आहे. २०१३ मध्ये निघालेल्या गाया या युरोपीय यानानं ०.००७४ विकलेच्या जवळचं माप दिलं आणि १३६ पार्सेक नक्की झालं. विकलेच्या हजाराव्या भागाएवढा फरक, पण प्रकाशवर्षांत तो पन्नासच्या पुढं गेला. म्हणून कृत्तिका ४४० प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत असं म्हणावं, आणि पुढचे अंक मनातच ठेवावेत.

एवढं सगळं झाल्यावर मी तिला एक योगायोग सांगितला. जुन्या इंग्रजी मापांत एका मैलात ६३,३६० इंच असतात. आणि एका प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एककं! दोन्ही जवळजवळ सारखीच. म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर एक इंच धरलं की एक प्रकाशवर्ष एक मैल होतं, जास्तीचं काही न करता.

मग आम्ही सूर्य ठाणे स्टेशनवर ठेवला. पृथ्वी एक इंचावर. नेपच्यून तीस इंचांवर, म्हणजे अडीच फूट, एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात. माणसानं सगळ्यांत लांब पाठवलेलं व्हॉयेजर १ हे १९७७ पासून पळतंय, ते जवळपास एक प्रकाशदिवस, म्हणजे १७३ एककांच्या घरात पोचलंय. आमच्या मापात चौदा साडेचौदा फूट. तेवढ्यात फलाटाची रुंदीही नीट संपत नाही. आणि मग काहीच नाही. कळवा खाडी ओलांडून, दिघा, ऐरोली मागं टाकून, सरळ रेषेत रबाळ्याच्या थोडं पुढं, ६.८ किलोमीटरवर पहिला तारा, प्रॉक्झिमा. व्याध ८.६ मैलांवर, म्हणजे १३.८ किलोमीटर. नकाशा काढून पट्टी लावली तर ठाणे स्टेशनपासून सरळ रेषेत ते अंतर वाशी स्टेशनाशी येतं. वाशी ठाण्याच्या जवळजवळ दक्षिणेला. गच्चीवर उभं राहिलं तर त्या वेळी खरा व्याध त्याच दिशेला, वर चमकत होता.

ती बराच वेळ त्या बाजूला पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "आकाशगंगेचा मध्य कुठं येईल?" सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे २६ हजार मैल. पृथ्वीचा घेर साधारण २४,९०० मैल. ठाण्याहून निघून जगाला पूर्ण वळसा घालून परत ठाण्याला यायचं आणि वर आणखी हजारभर मैल जायचं. "आणि देवयानी?" हे मी काढून दिलं नाही. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि चंद्र २ लाख ३९ हजार मैलांवर, एवढंच सांगितलं. तिनं टॉर्च दातांत धरली, वही गुडघ्यावर ठेवली, भागाकार केला आणि १०.४६ असं लिहून पुढं कंसात "सुमारे १०" लिहिलं.